सामान, वजन आणि रिकामा हात: टेबलटॉप आरपीजीतल्या सामानाच्या नियमांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा कथेचा खेळ. आमच्या दादरच्या टेबलावर, म्हणजे खेळणाऱ्या गटात, नव्याने बसलेले लोक आणि मुंबईतल्या इतर टेबलांवरचे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) त्यातल्या सामानाबद्दल फिरून फिरून हेच विचारतात. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून टाकलंय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत आहेत. उत्तरं मात्र तटस्थ नाहीत, हे आधीच सांगतो. सामानाचे नियम असावेत असं माझं मत आहे, पण जिथे त्यांच्यामुळे खेळाडूला काहीतरी निवडावं लागतं तिथेच. बाकी ठिकाणी ती निव्वळ कारकुनी.

१. सामानाचे नियम म्हणजे कोण किती वजन उचलू शकतो, तेच ना?

तेही, पण तेवढंच नाही. यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि लोक त्यांची भेळ करून टाकतात. किती वाहून नेता येतं, हा झाला एक भाग. वस्तू नेमकी कुठे आहे, हातात की कमरेला की पिशवीच्या तळाशी, हा दुसरा. ती काढायला किती वेळ जातो, हा तिसरा. आणि ती वापरून संपते का, हा चौथा.

गंमत अशी की तक्रारी येतात त्या पहिल्याबद्दल आणि टेबलावर भांडणं होतात ती दुसऱ्या-तिसऱ्यावरून. "आम्ही सामान मोजत नाही" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या टेबलावरही "तुझ्या दोन्ही हातांत तलवारी आहेत, मग दार कसं उघडलंस?" हा प्रश्न निघतोच. म्हणजे नियम तिथेही आहे, फक्त लिहिलेला नाही. म्हणून "नियम हवेत का" असं एकदम विचारण्यापेक्षा या चारांपैकी कोणते हवेत हे ठरवा. चारही घ्यायलाच हवेत असं काही नाही.

२. एवढा किचकटपणा मुळात आणला कुणी आणि कशाला?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आलं. वॉरगेम, म्हणजे टेबलावरच्या लढायांचे खेळ, खेळणाऱ्या लोकांनी बनवलेला खेळ, त्यामुळे मोजमाप त्यांच्या अंगात होतं. पण खरं कारण वेगळं आहे. त्या जुन्या खेळात पात्राची पातळी वाढवणारे अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्याचे मिळायचे. सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की एक गुण. राक्षस मारून त्यामानाने फारच थोडे. म्हणजे खेळाचा गाभाच हा होता की भुयारातून वर किती माल आणता येतो.

असा खेळ असेल तर वजन हाच त्याचा मुख्य नियम होणार. १९८१ च्या बेसिक-एक्सपर्ट संचात सगळं वजन नाण्यांतच मोजलेलं आहे: दहा नाण्यांचा एक पौंड, तलवार ६० नाणी, प्लेटचं चिलखत ५००. चारशे नाण्यांपर्यंत पूर्ण वेग, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कमी, आणि १६०० च्या वर हलताच येत नाही. आता बघा, चिलखत घातलं की पहिला टप्पा तिथेच ओलांडला. जीव वाचवायचा की माल आणायचा, हा प्रश्न उंबरठ्यावरच उभा राहतो. वेग कमी म्हणजे तेवढ्याच अंतराला जास्त वेळ, जास्त वेळ म्हणजे जास्त मशाली आणि वाटेत जास्त राक्षस. नियमांची ही साखळी एकमेकींत अडकलेली होती.

पुढे गुण मिळायचे मार्ग बदलले, कथानकं मोठी झाली, पण वजनाचा तक्ता पुस्तकात तसाच राहिला. साखळी तुटली आणि एक कडी हातात उरली. आज लोकांना तो तक्ता निरर्थक वाटतो याचं कारण हेच आहे.

३. आम्ही फिफ्थ एडिशन ('डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती) खेळतो आणि आजवर वजन मोजलेलं नाही. काही चुकतंय का?

नाही. तुमच्याही नकळत तुम्ही नियमात बसताय. मूळ नियमात तुमच्या पात्राच्या स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या आकड्याच्या) १५ पट पौंड उचलता येतात. स्ट्रेंग्थ १० असेल तर १५० पौंड, म्हणजे ६८ किलो. नवी मंडळी हे ऐकून हसतात. एवढं वजन पाठीवर घेऊन साधारण माणूस गुहेत कोलांट्या मारतो म्हणे. मर्यादा इतकी सैल आहे की ती कधी आडवी येतच नाही. जो नियम कधीच आडवा येत नाही, तो मोजला काय न मोजला काय.

२०१४ च्या पुस्तकात एक कडक पर्यायही आहे: स्ट्रेंग्थच्या पाचपटीच्या वर गेलात की वेग १० फूट कमी, दहापटीच्या वर गेलात की २० फूट कमी आणि जवळजवळ सगळ्या शारीरिक फाशांवर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा). हा लावला की चित्र एकदम बदलतं. त्याच पुस्तकातला एक्सप्लोरर्स पॅक, म्हणजे प्रवासाच्या सामानाचा तयार संच, घ्या. पाठपिशवी ५ पौंड, वळकटी ७, जेवणाची भांडी १, चकमकीची डबी १, दहा मशाली १०, दहा दिवसांचा शिधा २०, पाण्याची भरलेली पखाल ५, दोर १०. एकूण ५९ पौंड. स्ट्रेंग्थ ८ असलेल्या जादूगाराची मर्यादा ४० पौंड. म्हणजे हा बिचारा दुकानातून बाहेर पडतानाच वाकलेला.

आणखी पुढे जा. त्या पाठपिशवीत ३० पौंड मावतात असं तेच पुस्तक सांगतं. वळकटी आणि दोर बाहेर बांधा, पखाल कमरेला अडकवा, तरी आत ३२ पौंड उरतात. जो संच पिशवीसकट विकला जातो, तो त्या पिशवीत मावत नाही! यावरून माझा एक कयास आहे: हे आकडे कुणी टेबलावर बसून शेवटपर्यंत जोडून पाहिले नसावेत. तुम्हीही जोडत बसू नका. मर्यादा खरोखर जाणवावी असं वाटत असेल तर प्रश्न ४ पाहा.

४. पौंड मोजायचे की स्लॉट?

स्लॉट, म्हणजे सामानाचे मोजके खण, साधारण एका वस्तूला एक. माझ्या मते हा वाद मिटलेला आहे.

विरार लोकलला सकाळी सातला चढणाऱ्या माणसाला विचारा, सामान म्हणजे वजन की जागा? दहा किलो तांदूळ पायाशी ठेवता येतो. पण गुंडाळलेली चटई किंवा लेकाच्या शाळेचा थर्माकोलचा प्रकल्प घेऊन चढलात तर अख्खा डबा तुमच्या कुळाचा उद्धार करतो. अडचण होते ती आकाराची आणि हात अडकल्याची. स्लॉटचे नियम नेमकं तेच पकडतात.

प्रकार बरेच आहेत. 'नेव्ह' या आरपीजीत कॉन्स्टिट्यूशनवरून (पात्राच्या काटकपणाच्या आकड्यावरून) स्लॉट ठरतात. 'शॅडोडार्क' मध्ये स्ट्रेंग्थ किंवा १०, जे जास्त असेल ते. 'केर्न' मध्ये सगळ्यांना सरसकट दहा, आणि दहाही भरले की हिट प्रोटेक्शन (मार सोसायची क्षमता) थेट शून्य. शिवाय थकवासुद्धा एक स्लॉट खातो. दमलेल्या माणसाला काहीतरी टाकून द्यावं लागतं. हा एक नियम मला पौंडांच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त खरा वाटतो. 'टॉर्चबेअरर' तर स्लॉट शरीरावर वाटून देतो: हात, कंबर, धड, पाठ. तिथे शीट (पात्राच्या माहितीचा कागद) भरणं हाच अर्धा खेळ आहे, आणि ते ज्याला आवडत नाही त्याने त्या टेबलाकडे फिरकू नये.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीने मधला मार्ग काढलाय. बल्क नावाचं एकच माप, त्यात वजन आणि अवघडलेपण दोन्ही. दहा हलक्या वस्तूंचा एक बल्क, हजार नाण्यांचा एक बल्क, आणि पाच अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायरच्या (ताकदीमुळे मिळणाऱ्या अधिक-उण्या आकड्याच्या) वर गेलात की त्रास सुरू. बरा आहे. पण "नऊ हलक्या म्हणजे शून्य बल्क" हे कळलेला खेळाडू प्रत्येक टेबलावर एक तरी असतो.

५. मशाली, बाण, शिधा हे एकेक करून मोजायचं का?

मोजायच्या आधी एवढंच विचारा: ही वस्तू संपली तर पुढच्या अर्ध्या तासात कुणी वेगळा निर्णय घेईल का? अंधाऱ्या भुयारात मशाल संपली तर नक्की घेईल. राजधानीत मुक्काम असताना शिधा संपला तर कुणी कोपऱ्यावरच्या खानावळीत जाईल, संपला विषय. म्हणून आमच्याकडे भुयारात शिरलं की मोजणी चालू, शहरात आलं की बंद.

मोजायचंच तर सोपे मार्ग आहेत. 'द ब्लॅक हॅक' चा वापर-फासा मला सगळ्यांत आवडतो. वस्तूला एक फासा द्यायचा, समजा आठ बाजूंचा. वापरली की टाकायचा. १ किंवा २ आला तर फासा एक पायरी खाली, आठचा सहा, सहाचा चार, आणि चारवरही १-२ आला की वस्तू संपली. आठपासून सुरू केलं तर सरासरी नऊ वेळा पुरते, सहापासून पाच वेळा. पण नेमकी कधी संपेल ते कुणालाच माहीत नसतं, आणि सगळी मजा त्यात आहे. 'डंजन वर्ल्ड' मध्ये साहसाचं सामान नावाचं एकच गाठोडं असतं, पाच वेळा वापरता येणारं. हवी ती किरकोळ वस्तू त्यातून काढा आणि एक खूण खोडा. बाणांसाठी फिफ्थ एडिशनचा नियमच पुरेसा आहे: लढाईनंतर मिनिटभर शोधलं की वापरलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात.

'शॅडोडार्क' मध्ये मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास चालते. हे पहिल्यांदा ऐकून लोक नाकं मुरडतात, आणि खेळल्यावर तेच फोनवर टायमर लावून बसतात. मुंबईत याचा एक जास्तीचा फायदा आहे. आमचं सेशन चार तासांचं. रविवारच्या मेगाब्लॉकमुळे कल्याणची मंडळी उशिरा उगवतात आणि विरारवाल्यांचं लक्ष शेवटी गाडीच्या वेळेकडे असतं. टायमर चालू असला की कोण काय बोललं आणि दाराला कान लावायचा की नाही यावर वीस मिनिटांची चर्चा होत नाही.

६. लढाईत वस्तू बाहेर काढायला ॲक्शन का जावी? हात घातला, काढली, झालं!

ॲक्शन म्हणजे लढाईत आपल्या टर्नला (पाळीला) करता येणारी कृती. ती जावी, कारण त्याशिवाय हातात काय आहे याला अर्थच राहत नाही. सगळं सगळ्यांकडे कायम हजर असेल तर ढाल की मशाल, हा प्रश्नच पडणार नाही.

फिफ्थ एडिशनमध्ये एका टर्नला एका वस्तूशी केलेली हाताळणी फुकट असते. तलवार उपसा किंवा दार ढकला. दुसरी केलीत तर ॲक्शन गेली. २०२४ च्या सुधारित नियमांत प्रत्येक हल्ल्याबरोबर एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं, त्यामुळे हत्यारं बदलत लढणाऱ्यांची चंगळ झाली. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती याबाबत कडक आहे. टर्नला तीन ॲक्शन, आणि वस्तू काढणं, उचलणं, एका हातातली तलवार दोन हातांनी धरणं, प्रत्येकाला एकेक. सोडून देणं मात्र फुकट. गर्प्स या खेळात तर टर्नच एका सेकंदाचा, त्यामुळे म्यानातून तलवार काढण्यात सबंध टर्न जातो, आणि ज्याला झटकन काढता यायला हवी त्याने त्याचं वेगळं कौशल्य घ्यायचं.

हे कोरडं वाटतंय ना? आमच्या गडावरच्या मोहिमेतला एक प्रसंग सांगतो. रात्र. एकजण पाय घसरून पाण्याच्या टाक्यात पडलेला. काठावर उभ्या असलेल्या खेळाडूच्या एका हातात मशाल, दुसऱ्यात तलवार, दोर खांद्यावर. मागे पायऱ्यांवर पहारेकऱ्यांच्या वहाणांचा आवाज. मशाल खाली ठेवली तर ओल्या दगडावर विझेल की काय, तलवार टाकली तर वर येणाऱ्यासमोर रिकाम्या हाताने उभं राहायचं. त्याने शीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मशाल टाक्यातल्या माणसाकडे फेकली. "झेल! निदान बुडताना दिसशील तरी!" झेलायचा फासा पडला. मग मोकळ्या हाताने दोर सोडला. "दोन हात, तीन वस्तू" एवढा एकच नियम नसता तर हा प्रसंग "मी दोर टाकतो", "बरं, तो वर आला" इथेच संपला असता.

७. पोशन प्यायला अख्खी ॲक्शन? कुणीच पीत नाही मग.

खरं आहे. २०१४ च्या नियमांत पोशन (जादूचं औषध) प्यायला पूर्ण ॲक्शन लागायची, आणि लोक ती शेवटपर्यंत साठवून ठेवत मरायचे. म्हणून असंख्य टेबलांनी घरचा नियम केला: स्वतः प्यायलात तर बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती), दुसऱ्याला पाजलीत तर ॲक्शन. २०२४ मध्ये पुस्तकानेच पिणं आणि पाच फुटांतल्या माणसाला पाजणं दोन्ही बोनस ॲक्शनवर आणलं.

पाथफाइंडरमध्ये ढाल-तलवारवाल्याचं गणित असं: तलवार सोडली, फुकट. पोशन काढली, एक. प्यायली, दोन. तलवार उचलली, तीन. टर्न खलास. मला हे महाग वाटत नाही, पण तुमचं टेबल कुरकुरत असेल तर एक पोशन पट्ट्यावर काढलेल्या स्थितीत धरायला द्या. एकच.

८. आमचा पुजारी एका हातात गदा, दुसऱ्यात ढाल घेऊन मंत्र टाकतो. चालतं का?

फिफ्थ एडिशनमधला हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर विचित्र आहे: काही मंत्र चालतात, काही नाही.

ढालीवर देवाचं चिन्ह कोरलेलं असेल तर ती ढालच साहित्याची जागा घेते. ज्या मंत्राला हातवारे आणि साहित्य दोन्ही लागतं, उदाहरणार्थ ब्लेस, तो ढालीच्याच हाताने होतो, कारण साहित्य धरलेला हात हातवारेही करू शकतो. पण क्युअर वूंड्सला फक्त बोल आणि हातवारे लागतात, साहित्य नाही. मग चिन्हाचा उपयोग संपला, रिकामा हातच पाहिजे. म्हणजे ज्याला जास्त गोष्टी लागतात तो मंत्र सोपा आणि ज्याला कमी लागतात तो अवघड. नियमाच्या शब्दांप्रमाणे असंच आहे.

मार्ग तीन. वॉर कास्टर नावाची फीट (पात्राचं खास कसब) घ्या. किंवा फुकटच्या हाताळणीत गदा कमरेला लावा, मंत्र टाका, आणि पुढच्या टर्नपर्यंत जवळून पळणाऱ्याला गदेचा फटका मारता येणार नाही हे मान्य करा. किंवा डीएमने सरळ सांगावं, "ढालीवर चिन्ह आहे ना? टाक मंत्र." आमच्याकडे तिसरा मार्ग चालतो. या नियमातून निवड वगैरे काही निघत नाही, वकिली तेवढी निघते.

९. "माझ्याकडे दोर होताच, लिहायचा राहिला!" याला काय म्हणायचं?

शीटवर नाही म्हणजे नाही, हे उत्तर एका प्रकारच्या खेळात बरोबर आहे. ज्या खेळात तयारी हाच डाव आहे, तिथे विसरण्याची किंमत पडायलाच हवी.

पण कसलेला चोर दोर विसरेल का? खेळाडू विसरला, कॅरेक्टर नाही. हा भेद पटत असेल तर 'ब्लेड्स इन द डार्क' ची पद्धत बघा. मोहिमेवर निघताना फक्त भार ठरवायचा: हलका म्हणजे तीन, साधारण म्हणजे पाच, जड म्हणजे सहा. काय काय घेतलंय ते सांगायचंच नाही. गरज पडली की "माझ्याकडे आहे" म्हणून खूण करायची, भार संपेपर्यंत. हलका भार घेतला तर रस्त्यात कुणाला संशय येत नाही, जड घेतला तर कामावर निघालाय हे लांबून कळतं. सामानाचा नियम आहे, मर्यादा आहे, निवड आहे, आणि खरेदीची यादी नाही. गमशू घराण्यातल्या खेळांत प्रिपेअर्डनेस नावाचं कौशल्यच असतं: फासा टाका, जमलं तर वस्तू बॅगेत होती.

फिफ्थ एडिशनमध्ये हेच हवं असेल तर निघताना थोडे पैसे "किरकोळ सामान" म्हणून बाजूला काढा आणि मोहिमेत त्यातून साध्या वस्तू काढा. साध्या म्हणजे दोर, खडू, खिळे. "माझ्याकडे नेमकं ड्रॅगनच्या विषावरचं औषध होतं" हे नाही.

१०. पार्टीला बॅग ऑफ होल्डिंग मिळाली. आता हे सगळं गुंडाळायचं का?

ही आतून प्रचंड मोठी असलेली जादूची पिशवी पार्टीला (पात्रांच्या टोळीला) मिळाली की वजनाचा भाग बराचसा संपतो, हे कबूल. ५०० पौंड आणि ६४ घनफूट मावतं, आणि २०१४ च्या नियमांत तिचं स्वतःचं वजन कायम १५ पौंड. पण प्रश्न १ मधल्या बाकीच्या तीन गोष्टी शिल्लकच आहेत. २०१४ च्या नियमांत त्यातली वस्तू काढायला ॲक्शन लागते, त्यामुळे लढाईत उपयोगाच्या वस्तू बाहेरच ठेवाव्या लागतात. धारदार वस्तूने फाटली किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरली तर आतलं सगळं अॅस्ट्रल प्लेनमध्ये (दुसऱ्याच एका जगात) विखुरतं. एका अशा बॅगेत दुसरी टाकली तर दोन्ही नष्ट, आणि दहा फुटांतले सगळे त्याच जगात ओढले जातात, परतीची वाट नाही. हे वाक्य खेळाडूंना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. कुणीतरी शत्रूवर ते वापरायची योजना आखेलच.

माझा सल्ला: पहिल्या काही पातळ्यांत देऊ नका. सामानाची टंचाई ही सुरुवातीच्या पातळ्यांची गंमत आहे. पुढे पार्टी मोठी झाली की खुशाल द्या, तोवर अडचणी दुसऱ्या झालेल्या असतात.

११. ड्रॅगन मारला, दहा हजार मोहरा मिळाल्या. कुणीच त्यांचं वजन विचारत नाही. विचारावं का?

एकदा तरी विचाराच. फिफ्थ एडिशनमध्ये ५० नाण्यांचा पौंड, म्हणजे दहा हजारांचे २०० पौंड, ९० किलो. चौघांत वाटले तर प्रत्येकी ५० पौंड. मूळ नियमात खपून जातं, कडक पर्यायात स्ट्रेंग्थ १० च्या माणसाचा पहिला टप्पा नाण्यांतच संपतो, अंगावरचे कपडे जमेस धरायच्या आधी.

आता खरा खेळ सुरू होतो. खेचर आणायचं का? ८ सोन्याची नाणी, ४२० पौंड वाहतं, पण ते गुहेच्या तोंडाशी कोण सांभाळणार? अर्धा माल पुरून ठेवायचा का? गावातून माणसं बोलवायची, तर ती गप्प बसतील का? हिरे-माणकं आधी उचलायची हे तर कुणीही सांगेल. एका सेशनचा मसाला फुकट मिळतो.

आणि हो, ही नाणी भलतीच जड आहेत. एकेक साधारण ९ ग्रॅमचं. शिवकालीन सोन्याचा होन सुमारे पावणेतीन ग्रॅमचा. दहा हजार होन म्हणजे २८ किलोच्या आतबाहेर, दोन मावळे आरामात उचलतील. नाणं छोटं केलं की सोन्याचं वजन ही अडचणच उरत नाही, हे आपल्या इतिहासावर मोहीम बेतणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

१२. आमचा डीएम सामानाचे नियम शिक्षेसारखे वापरतो. नदी आली की "कुणाचं काय वाहून गेलं ते बघू" सुरू.

हा दोष नियमाचा नाही. कसोटी साधी आहे: तोटा व्हायच्या आधी खेळाडूला तो दिसत होता का? "पाणी छातीपर्यंत आहे, पिशव्या डोक्यावर घेतल्या तर हात अडकतील, पाठीवर ठेवल्या तर भिजतील" हे आधी सांगितलं असेल तर निवड झाली. नदी ओलांडल्यावर यादी काढून बसला असेल तर ती वसुली. हे त्याला सेशननंतर चहा पिताना सांगा, चालू खेळात नको.

१३. हिशेब ठेवायचा कुणी? आमच्याकडे कुणालाच आवडत नाही.

डीएमने तर मुळीच नाही. त्याच्यामागे आधीच पन्नास कामं असतात.

आम्ही कार्डं करतो. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी झकास, पाठीमागची कोरी बाजू वापरायची. एक कार्ड एक स्लॉट, अवजड वस्तूला दोन कार्डं जोडून. खेळाडूसमोर हात, कंबर, पाठ असे तीन ढीग. दोर दुसऱ्याला दिला की कार्ड खरंच सरकवायचं. खोडरबर लागत नाही, "तो माझ्याकडे होता की तुझ्याकडे" हा वाद होत नाही, आणि पुढून अमक्याचा शुभविवाह दिसत राहतो ते वेगळंच. 'माउसरिटर' मध्ये ही कल्पना आयतीच आहे: कापून घ्यायची चित्रं, चौकटींचं शीट, आणि वापराचे तीन ठिपके. घरातल्या मुलांना आरपीजी शिकवायची असेल तर त्यानेच सुरुवात करा.

ॲपवर खेळत असाल तर डी-अँड-डी बियाँड वजन आपोआप जोडतं, आणि कडक पर्याय लावायचा की नाही हे सेटिंगमध्ये निवडता येतं. पण यंत्राने जोडलेलं वजन कुणाच्या डोळ्यांसमोर नसतं. लाल अक्षरं दिसली की लोक दचकतात, एवढाच उपयोग.

१४. भयकथा किंवा हेरगिरीच्या खेळात हे लागतं का?

वजन लागत नाही. 'कॉल ऑफ क्थुलू' मध्ये श्रीमंतीवरून साध्या वस्तू जवळ असल्याचं धरतात, आणि तेच योग्य. पण एखादी नेमकी वस्तू मोजा: काडेपेटीतल्या उरलेल्या काड्या, पिस्तुलातल्या गोळ्या. बाकी प्रश्न ९.

१५. सह्याद्रीतली मोहीम करतोय. पौंड ठेवू, किलो करू, की मण-शेर?

किलो. पौंडांचे निम्मे करा, जेवढी चूक होते ती कुणाला जाणवत नाही. मण-शेर कानाला गोड लागतात, पण मण प्रांतागणिक वेगळा होता आणि टेबलावर कुणालाच त्याचा अंदाज नाही. ज्या मापाचा अंदाज नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. व्यापाऱ्याच्या तोंडी घाला, शीटवर नको. स्लॉट घेतलेत तर हा प्रश्नच उडतो.

१६. मोहीम अर्ध्यात आहे. आता नियम आणला तर मारामारी होईल का?

गुपचूप आणलात तर होईल. आधी सांगा, एकाच भुयारापुरता लावा, आणि त्या दिवशी सगळ्यांना नव्याने सामान निवडायला द्या. कुणाचं काही काढून घेऊ नका, जास्तीचं गावात सुरक्षित आहे असं धरा. चारांपैकी एकच प्रकार आणा. मी तरी आधी हातांचा नियम आणतो, वजनाचा सगळ्यांत शेवटी.

१७. कॅरेक्टर मेलं. त्याचं सामान कुणाचं? आणि त्याला स्वतःला कोण उचलणार?

सामानाचा नियम म्हणून कुठलंच पुस्तक याचं समाधानकारक उत्तर देत नाही. अडचण अशी की खेळाडू नवं कॅरेक्टर आणतो, ते स्वतःच्या सामानासकट येतं, आणि जुन्याचं सामान पार्टी वाटून घेते. दोन-चार मृत्यूंनंतर पार्टी गडगंज होते. आमचा घरचा नियम: जादूची एक वस्तू आठवण म्हणून ठेवता येते, बाकी घरच्यांकडे पोचवायचं. बहुतेकांना ते आवडतं, कारण पोचवायला जाणं ही आणखी एक मोहीम होते.

उचलण्याचं म्हणाल तर ७० किलोचा माणूस म्हणजे १५४ पौंड, अंगावरचं चिलखत वेगळं. स्ट्रेंग्थ १५ च्या योद्ध्याची मर्यादा २२५, म्हणजे स्वतःचं चिलखत आणि पिशवी धरली की जेमतेम. ओढत नेलं तर मर्यादा दुप्पट, पण उचलायच्या मर्यादेच्या वर गेलात की वेग पाच फुटांवर. बॅग ऑफ होल्डिंगमध्ये घालता येईल का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. जागा पुरते, वजनही पुरतं, बॅगेचं तोंड साधारण दोन फुटांचं आहे आणि मेलेल्याला हवेची गरज नाही. तेव्हा हो, येईल. फक्त आधी त्याच्या पाठीवरचा भाला काढून घ्या, प्रश्न १० मध्ये फाटण्याबद्दल लिहिलंय.